मिनेसोटाचा हिवाळा आणि आम्ही दोघं

मागं ट्रॅक्टरचा आवाज आला तर सांभाळून घ्या. सध्या ऊसतोड जोरात आहे आणि गारगोटीत आमचं घर रस्त्याला लागूनच आहे. दर दहा मिनिटांनी एक ट्रॉली जाते, गाणी लावून. रात्री अकरानंतर रेकॉर्ड करून बघितलं, तेव्हाही तेच. त्यामुळं आजचा भाग ट्रॉलीसकट ऐका.

बरेच दिवस तुमचे मेसेज येत होते, अमेरिकेचं सांगा म्हणून. आता व्हिसा, पगार, लॉटरी यावर यूट्यूबवर ढिगानं व्हिडिओ पडलेत, त्यात मी भर घालत नाही. परवा आजऱ्याच्या एका मुलीनं व्हॉइस नोट पाठवली. लग्न ठरलंय, नवरा शिकागोजवळ असतो, नोव्हेंबरात जायचंय. तिचा प्रश्न साधा होता: "दादा, थंडीत दिवसभर घरात करायचं काय?" या प्रश्नावर मला कुठं व्हिडिओ सापडला नाही. म्हणून आज आमच्या घरातला हिवाळा सांगतो. बायकोची परवानगी घेतली आहे. नाव घ्यायचं नाही या अटीवर.

आम्ही मिनियापोलिसच्या पश्चिमेला एडन प्रेरी नावाच्या उपनगरात राहायचो. २०२२ च्या मे महिन्यात लग्न, ऑक्टोबरात तिकडं. एच-१बी ऑक्टोबरलाच सुरू होतो, म्हणजे पहिल्यांदा जाणारा माणूस थेट हिवाळ्याच्या तोंडावरच उतरतो. हे कुणी सांगत नाही. उतरल्यावर आठवडाभर झाडं लाल-पिवळी, फोटो, स्टेटस. आई म्हणाली, "व्हय रं, झाडं वाळल्यात का काय?" आणि मग नोव्हेंबर आला.

आता थोडा भूगोल. गारगोटी साधारण सोळा अंशावर, मिनियापोलिस पंचेचाळीसवर. आपल्याकडं डिसेंबरात दिवस लहान झाला म्हणतो तेव्हाही तो साधारण ११ तासांचा असतो. तिकडं २१ डिसेंबरला पावणेनऊ तास. सूर्य पावणेआठच्या पुढं उगवतो आणि साडेचारला मावळतो. मी ऑफिसला जाताना अंधार, येताना अंधार. थंडीचं सगळे विचारतात, अंधाराचं कुणी विचारत नाही. थंडीला कोट असतो.

आणि घड्याळ. हिवाळ्यात तिकडं आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागं. आई पहाटे साडेपाचला उठून म्हशीची धार काढते आणि डेअरीला दूध घालायला जाते. त्या वेळी आमचे संध्याकाळचे सहा. ती फोन गोठ्यातल्या खुंटीला लावायची आणि धार काढता काढता बोलायची. तिच्याकडंही अंधार, आमच्याकडंही अंधार. एकदा ती म्हणाली, "तुमच्यात पण अजून उजाडलं न्हाई?" तिला सांगितलं, आई, इथं मावळून दीड तास झाला. ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "मग जेवून झोपा की आता."

आता घर कसं असतं ते सांगतो, कारण सगळा हिवाळा घरातच जातो. खिडक्या दुहेरी काचेच्या आणि घट्ट बंद. भिंतीवर थर्मोस्टॅट. तो फॅरनहाइटमध्ये. माझं म्हणणं ६८ ठेवू, म्हणजे २० सेल्सियस. तिचं म्हणणं ७४. पहिला महिना आमच्या घरात या सहा अंशांवरून जेवढी चर्चा झाली तेवढी लग्नाच्या याद्यांवरून झाली नव्हती. मी बिल दाखवायचो, ती स्वतःचे हात माझ्या गालाला लावायची. बर्फासारखे. आता यावर काय बोलणार.

बायको फिजिक्सची शिक्षिका. इथं ज्युनियर कॉलेजला तासिका तत्त्वावर शिकवायची. स्कूटीवरून, पावसाळ्यात रेनकोट घालून, वेदगंगेला पूर आला तरी जायची. त्यामुळं घरात जे काही होईल त्याचं कारण ती सांगायचीच. पहिल्या आठवड्यात आमच्या दोघांच्या नाकातून रक्त यायला लागलं. ओठ फुटले, टाचा फुटल्या. मला वाटलं थंडीनं होतंय. ती म्हणाली, थंडीनं नाही, हिटरनं. बाहेर उणे २० असताना हवेत पाण्याची वाफ मावते ती घनमीटरला जेमतेम एक ग्रॅम. तीच हवा आत येऊन २० अंशाला तापते, आणि तेवढ्या गरम हवेत १७ ग्रॅम मावू शकते. म्हणजे आर्द्रता उरली पाच-सहा टक्के. ती हवा मग जिथून मिळेल तिथून पाणी ओढते. तुमच्या नाकातून, कातडीतून, लाकडी पलंगातून. पलंग रात्री कडाकडा वाजायचा तो यामुळं. शेजाऱ्यांना काय वाटायचं कोण जाणे.

उपाय म्हणून ह्युमिडिफायर आणतात. आम्ही आणायच्या आधी तिनं ओले टॉवेल खुर्च्यांवर वाळत घातले. ते सकाळपर्यंत खडखडीत वाळायचे. कपडे वाळवायला आपल्याकडं जुलैत चार दिवस लागतात, तिकडं जानेवारीत घरातल्या घरात चार तास.

आणि शॉक! दाराच्या मुठीला हात लावला की ठिणगी. लाइटच्या बटणाला हात लावला की ठिणगी. हवा कोरडी असली की अंगावर साठलेला चार्ज निघून जायला वाट मिळत नाही. २०२३ ची संक्रांत १५ जानेवारीला होती. तिनं तिळगूळ केला होता, गूळ इथून नेलेला, कोल्हापुरी. मोठ्या कौतुकानं माझ्या हातावर लाडू ठेवला, "तिळगूळ घ्या, गोड..." आणि चट्ट! दोघांनाही असा झटका बसला की लाडू गालिच्यावर. गोड बोलायचं राहूनच गेलं.

स्वयंपाकाचं ऐकाच. दही लागत नाही. कितीही विरजण घाला, सकाळी दूधच. मग एका काकूंनी युक्ती सांगितली. भांडं ओव्हनमध्ये ठेवायचं, ओव्हन चालू करायचा नाही, फक्त आतला दिवा लावून ठेवायचा. दिव्याच्या उबेवर दही लागतं. हे तिकडच्या प्रत्येक भारतीय घरात माहीत आहे आणि इथल्या एकाही माणसाला सांगितलं तर पटत नाही.

तांबडा रस्सा करायचा तर त्याची मोहीम असते. चुलीवरचा पंखा धूर बाहेर टाकत नाही, गाळून पुन्हा घरातच सोडतो. कांदा-लसूण चटणी तेलात पडली की मिनिटभरात धुराचा भोंगा वाजतो. मग एकानं भोंग्याखाली टॉवेल हलवायचा आणि दुसऱ्यानं खिडकी उघडायची. बाहेर उणे २०. आत तिखटाचा ठसका, बाहेरून बर्फाची हवा, मधे आम्ही दोघं खोकत आणि हसत. त्याआधी एक काम विसरायचं नाही. कोट बेडरूमच्या कपाटात टाकून दार लावायचं. नाहीतर फोडणीचा वास कोटात बसतो, आणि तो कोट रोज धुता येत नाही. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये तुमच्या आधी तुमचा रस्सा पोचतो.

मटण कुठं मिळायचं? मिनियापोलिसमध्ये सोमाली लोकांची अमेरिकेतली सगळ्यात मोठ्या वस्त्यांपैकी एक वस्ती आहे. त्यांच्या दुकानात बोकडाचं मटण मिळतं. खाटीक आपल्यासारखाच विचारतो, रश्श्याला पाहिजे का सुकं करायला. म्हणजे शब्द वेगळे, हाताच्या खुणा त्याच. आणि सेंट पॉलला मॉंग लोकांचा बाजार आहे, लाओसच्या डोंगरांतून आलेले लोक. कोथिंबीर, कारली, तिखट मिरच्या. विचार करा, मोगादिशू विषुववृत्ताजवळ, लाओस गरम, आपण गरम, आणि सगळे जाऊन बसलेत उणे २५ मध्ये. त्या सोमाली दुकानदाराला बायकोनं विचारलं, तुम्हाला सवय झाली का? तो म्हणाला, वीस वर्षं झाली, अजून नाही. तिला त्या दिवशी फार बरं वाटलं.

आता जरा अवघड भागाकडं येतो.

तिचा व्हिसा एच-४. म्हणजे नवऱ्याच्या मागं आलेली बायको. या व्हिसावर नोकरी करता येत नाही. २०१५ पासून एक सवलत आहे, पण ती नवऱ्याची ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत गेली असेल तरच. माझी सुरूही झालेली नव्हती. उपनगरात बस जवळपास नाहीच. गाडी चालवायची तर तिथलं लायसन पाहिजे, आणि पहिल्यांदाच लायसन काढत असाल तर शिकाऊ परमिट मिळाल्यावर तीन महिने थांबावं लागतं. स्कूटीवर अख्खा भुदरगड तालुका पालथा घातलेली बाई. तिला आता कोथिंबीर आणायलाही मी ऑफिसातून यायची वाट बघावी लागायची. आणि मी यायचो तेव्हा अंधार.

घरात एकटे असताना ती मला "तू" म्हणते आणि फोनवर आई असली की "अहो". डिसेंबरात माझ्या लक्षात आलं की ती मला कशीच हाक मारत नाहीये. बोलणंच कमी झालं होतं. सकाळी अकरापर्यंत अंथरुणात. पडदे बंद. मी विचारलं तर "झोप येते" एवढंच. जेवण करायची, पण स्वतः खायची नाही नीट. सणावाराला हौसेनं नटणारी मुलगी चार दिवस एकाच स्वेटरमध्ये.

नाताळच्या आधीच्या आठवड्यात मोठं वादळ आलं. वारा धरून उणे ३५ सेल्सियससारखं जाणवेल, उघडी कातडी दहा मिनिटांत गोठेल, असे इशारे फोनवर येत होते. शाळा-विमानं बंद. दोन दिवस आम्ही दार उघडलं नाही. त्या रात्री ती म्हणाली, "इथं मी कुणाचीच काही नाही. तुझी बायको, एवढंच. मला घरी जाऊ दे." आणि लॅपटॉप माझ्याकडं वळवला. तिकीट शोधून ठेवलं होतं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातलं, एका माणसाचं.

हे सांगायला सोपं नाही, पण तिनंच सांगितलं की हा भाग गाळायचा नाही. कारण हे बऱ्याच घरांत होतं आणि फोनवर सगळे फक्त बर्फाचे फोटो दाखवतात.

आम्ही डॉक्टरकडं गेलो. त्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो अंधाराबद्दलच. हिवाळ्यात येणाऱ्या या उदासीला तिकडं नाव आहे, ती वेड नाही आणि आळसही नाही. १९८४ मध्ये नॉर्मन रोझेंथाल नावाच्या डॉक्टरनं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिचं पहिल्यांदा नीट वर्णन केलं. हा माणूस स्वतः दक्षिण आफ्रिकेतून, म्हणजे उन्हातून, अमेरिकेत आलेला. उपचारांत एक दिवा असतो, दहा हजार लक्सचा. सकाळी उठल्या उठल्या त्याच्यासमोर अर्धा तास बसायचं. घरातल्या ट्यूबलाइटचा उजेड काहीशे लक्स असतो, त्यावरून अंदाज घ्या. रक्त तपासलं तर ड जीवनसत्त्व तळाला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्या अक्षांशावर ऊन पडलं तरी ते इतकं तिरपं असतं की कातडीत ड जीवनसत्त्व जवळपास तयारच होत नाही. आणि आपला रंग सावळा, आपल्याला ऊन जास्तच लागतं. गोळ्या डॉक्टरनी ठरवून दिल्या. तुम्ही ऐकून स्वतःच्या मनानं घेऊ नका, तपासून घ्या. आणि मन फारच खाली गेलं असेल तर दिव्यावर भागवू नका, डॉक्टरला सगळं सांगा.

दिव्यानं तीन आठवड्यांत फरक पडला. झोप थोडी मागं सरकली. पण दिवसभर करायचं काय हा प्रश्न दिव्यानं सुटत नाही.

तो सुटला एका व्हॉट्सॲप मेसेजनं. तिच्या जुन्या वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, मॅडम, बारावीची रिव्हिजन घ्याल का? तिनं आधी मला विचारलं, व्हिसाला चालेल का. पैसे घ्यायचे नाहीत, फुकट शिकवायचं, असं ठरलं. वेळ ठरली गारगोटीची सकाळी सात, म्हणजे आमची संध्याकाळी साडेसात. पहिल्या दिवशी नऊ पोरं होती. आठवड्यात पंचवीस. पाटगावकडची दोन पोरं नेटवर्क मिळावं म्हणून घराच्या पत्र्यावर चढून बसायची, डोक्याला मफलर बांधून. त्यांच्या मागं धुकं दिसायचं.

आता आमच्या घरात रोज संध्याकाळी साडेसहाला गडबड. साडी नाही, पण चांगला कुर्ता, टिकली, केस बांधलेले. भिंतीवर व्हाइटबोर्ड. मी भाजी चिरायची, आवाज न करता. फोडणी आठ वाजून पंधरा मिनिटांनंतर, भोंगा वाजायला नको म्हणून. तोपर्यंत मी पोटात कावळे घेऊन बेडरूममध्ये.

एका मुलाला न्यूटनचा थंड होण्याचा नियम आठवत नव्हता. अकरावीचा भाग. तिनं काय केलं, दोन कप चहा केले. एक टेबलावर ठेवला, २१ अंशात. दुसरा बाल्कनीत, उणे १८ मध्ये. दोन्हींत स्वयंपाकाचे थर्मामीटर. मला बाल्कनीत उभं केलं कोट-टोपी घालून, दर मिनिटाला आकडा ओरडायला. पोरं वहीत आलेख काढतायत. बाल्कनीतला कप असा घसरला की सातव्या मिनिटाला एक पोरगं म्हणालं, "मॅडम, दाजींना आत घ्या आता." पुढं तिनं फोनचा कॅमेरा बाहेर नेऊन बर्फ दाखवला, तर ४० टक्के चार्ज असलेला फोन दोन मिनिटांत बंद. लिथियमची बॅटरी गारठली की आतली क्रिया मंदावते आणि फोनला वाटतं चार्ज संपला. आत आणून गरम केला की पुन्हा ४० टक्के. पण तोवर तास संपला होता. दुसऱ्या दिवशी पहिला प्रश्न यावरच आला.

तिकिटाचं काय? ती म्हणाली, "पोरांची परीक्षा होईपर्यंत थांबते." मी काही बोललो नाही. माझ्याकडं तेव्हा वेगळंच टेन्शन होतं.

तो हिवाळा आठवतोय ना? नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटानं ११ हजार लोक काढले, जानेवारीत गूगलनं १२ हजार. माझी कंपनी त्यांच्यापुढं चिल्लर, नाव घेत नाही, पण आमच्या टीममधूनही दोघं गेले. एच-१बीवर नोकरी गेली तर ६० दिवस मिळतात. त्यात दुसरी नोकरी शोधा, नाहीतर देश सोडा. एका रविवारी आम्ही दोघांनी कागदावर हिशोब मांडला. घराचा करार किती महिन्यांचा उरलाय, गाडीचं कर्ज किती, सामान विकून काय येईल. ती फळ्यावर लिहीत होती, मी आकडे सांगत होतो. शेवटी तिनं खाली रेघ मारली आणि म्हणाली, "जमतंय. उपाशी मरत नाही." त्या रात्री मला महिन्याभरात पहिल्यांदा नीट झोप लागली. थर्मोस्टॅट ७१ वर होता. हेही त्याच फळ्यावर ठरलं होतं.

आणि घोंगडं. निघताना सासूबाईंनी बळेच घोंगडं बांधून दिलं होतं, धनगरी, काळं, टोचणारं. दोन बॅगा, प्रत्येकी २३ किलो, त्यात हे घोंगडं तीन किलो खाणार म्हणून मी विमानतळापर्यंत कुरकुर केली होती. तिकडं मग त्याच्यावर आमची वाकळ घालून झोपायचो. पाटगावचा मध पण नेला होता. घसा धरला की आल्याचा रस आणि तो मध. मध तिकडंही मिळतो, पण तिला चवीवरून वाद घालायला आवडायचं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला मराठी मंडळाचं हळदीकुंकू झालं. ते दृश्य बघण्यासारखं असतं. पार्किंगमध्ये पैठण्या आणि खाली गुडघ्यापर्यंतचे बर्फाचे बूट. हॉलच्या दारात सगळ्या बायका एका पायावर उभ्या राहून बूट काढतायत आणि पिशवीतून चपला. वाणात काय द्यायचं यावर तिकडंही तेवढीच चर्चा होते. एकीनं हातमोजे दिले होते. बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये शिकागोत स्थापन झालं, म्हणजे आपले लोक या बर्फात चाळीस वर्षांहून जास्त काळ हे करतायत. तिथल्या एका आजी तिला म्हणाल्या, "आम्ही आलो तेव्हा फोन मिनिटाला डॉलरनं होता, दर महिन्याला एक. तुम्ही रोज गोठा बघता." आजींचा टोन चिडका होता, पण निघताना त्यांनी तिला आपला जुना लोकरीचा स्कार्फ दिला.

त्याच सुमारास आम्ही गोठलेल्या तळ्यावर चाललो. लेक ऑफ द आइल्स नावाचं तळं आहे शहरात. रात्री तिथं बर्फाचे पोकळ कंदील करून आत मेणबत्त्या लावतात आणि हजारो लोक तळ्यावरून फिरतात. चालायला किमान ४ इंच जाडीचा बर्फ पाहिजे, छोट्या गाडीला ९-१० इंच, असं तिथलं सरकारी खातंच सांगतं. माझे पाय उचलेनात. खाली पाणी आहे हे डोक्यातून जाईना. ती पुढं चालत गेली आणि मागं वळून म्हणाली, "अहो, या की." अहो. तळ्याच्या मधोमध. बघायला आई नव्हती ना कुणी.

२१ फेब्रुवारी २०२३. इकडं बारावीची परीक्षा सुरू झाली त्याच दिवशी तिकडं तीन दिवसांचं वादळ सुरू झालं. १३ इंचांवर बर्फ पडला. ती तीन दिवस रोज रात्री जागून पोरांच्या शंका सोडवत होती, मी दर चार तासांनी खाली जाऊन गाडी उकरत होतो. सोसायटीचा नियम, नांगर यायच्या आत गाड्या हलवायच्या. बर्फाच्या गाडीला तिकडं नांगरच म्हणतात, हे मला फार आवडलं. गाडीत कायम ठेवायच्या वस्तू सांगतो: फावडं, ब्लँकेट, खायला काहीतरी, आणि मांजराच्या शीसाठी वापरतात ती वाळू. चाक घसरायला लागलं की खाली टाकायला. आमच्याकडं मांजर नाही, वाळू दहा किलो.

त्या मोसमात विमानतळावर एकूण ९०.३ इंच बर्फ मोजला गेला, साडेसात फूट. मिनियापोलिसच्या नोंदींत तिसऱ्या क्रमांकाचा. म्हणजे पहिलाच हिवाळा आम्हाला असा मिळाला.

१ एप्रिलला सकाळी उठलो तर पुन्हा गुडघाभर. ओला, जड बर्फ, झाडाच्या फांद्या मोडून पडलेल्या. मला वाटलं आता तिकिटाचा विषय निघणार. परीक्षाही संपली होती. ती खिडकीत चहा घेऊन उभी होती. म्हणाली, "परमिटची लेखी परीक्षा कधी असते बघ जरा." मी बघितलं. तिकिटाचं मी विचारलं नाही, तिनंही काढलं नाही.

ऑगस्टमध्ये तिला लायसन मिळालं. पहिल्या दिवशी एकटी गाडी घेऊन सोमाली दुकानात गेली आणि दोन किलो मटण घेऊन आली, माणसं दोनच असताना.

मग आम्ही दुसऱ्या हिवाळ्याची जंगी तयारी केली. चांगले बूट, मोठं फावडं, बर्फ वितळवायचं मीठ, दिवा ऑक्टोबरपासूनच टेबलावर. आणि २०२३-२४ चा हिवाळा मिनियापोलिसच्या इतिहासातला सगळ्यात उबदार निघाला! नाताळच्या दिवशी चक्क पाऊस पडला. तळी नीट गोठली नाहीत. शेजारचा गोरा म्हातारा तोंड पाडून बसला होता, मासे धरायची झोपडी तळ्यावर नेता येईना म्हणून. आणि आमच्या मॅडम, ज्या वर्षभरापूर्वी तिकीट काढून बसल्या होत्या, त्या रोज सकाळी हवामानाचं ॲप उघडून म्हणायच्या, "पोरांना दाखवायला तरी पडायला पाहिजे होता थोडा." दुसऱ्या वर्षीची बॅच आली होती ना.

२०२४ च्या मध्यावर आम्ही परत आलो. का आलो, तो वेगळा भाग होईल, त्यात माझ्या वडिलांची तब्येत आहे, तिची नोकरी आहे, बरंच आहे. तिकडं राहिलेल्या मित्रांचंही बरं चाललंय.

आता आजऱ्याच्या ताईसाठी. तू नोव्हेंबरात जातेयस. थंडीचा कोट इथून घेऊ नको, इथले तिकडं चालत नाहीत, तिथं जाऊन घे आणि गुडघ्यापर्यंतचा घे. बुटात बोटं हलायला पाहिजेत, घट्ट बूट जास्त गार पडतो. स्वतःचं लायसनचं काम पहिल्या आठवड्यात सुरू कर, नवऱ्याला वेळ मिळेल तेव्हा नाही. इकडून ड जीवनसत्त्व तपासूनच जा. सकाळचं ऊन खिडकीत आलं की कितीही गार असलं तरी पडदा उघड. आणि रोज ठरावीक वेळी तुझी वाट बघणारं कुणीतरी असू दे, नवरा सोडून. शिकवणी असो, भजनी मंडळ असो, लायब्ररीतली गोष्टींची वेळ असो. लायब्ररी फुकट असते आणि तिथं हिटर चांगला असतो.

बायको आतून विचारतेय घोंगड्याचं सांगितलं का. सांगितलं. ती म्हणतेय, तीन किलो नाही, दोन किलो आठशे होतं, वजन तिनं केलं होतं. बरं. दोन किलो आठशे.

ट्रॉली आली पुन्हा, ऐकू येतंय ना? थांबतो. तुमच्या घरात कुणी तिकडं असेल आणि त्यांच्या हिवाळ्याची गोष्ट असेल तर व्हॉइस नोट पाठवा, दोन मिनिटांच्या आतली. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवतो. चला.